वाडीवरच्या शाळेसाठी बाकांऐवजी कमी खर्चाचं डेस्क कसं करता येईल?

कोकणी_मास्तर:
नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यातली आमची द्विशिक्षकी जि.प. शाळा, पहिली ते चौथी मिळून २२ पोरं, खोल्या दोनच. पोरं सतरंजीवर बसतात नि लिहिताना पार वहीवर पालथी पडतात. लोकवर्गणीतून थोडे पैसे जमलेत, समितीतले काहीजण म्हणतायत लोखंडी बाक घ्या, पण बाक टाकले की खोली भरली, मग गट कसे पाडायचे, पोषण आहाराची पंगत कुठे बसवायची, आणि निवडणूक आली की सगळं उचलून पडवीत. हलकं, दोन-चार कामांना येईल असं कोणी बनवून घेतलंय का?

रंधा_करवत:
सर, बाक नकोच, बैठं डेस्क करा. आठ बाय चारच्या प्लायमधून २ बाय १ फुटाचे १६ तक्ते पडतात, वाया काही जात नाही (करवत दर कापाला तीनेक मिमी खाते तेवढंच). पायाला १२ बाय १० इंचाच्या दोन फळ्या आणि मागून तीन इंची आडवी पट्टी, ती विसरू नका नाहीतर डेस्क डुलतं. १२ मिमीच्या तीन शीटात तुमची २२ डेस्कं बसतात, मी कागदावर मांडून बघितलं. कडेवर उभं केलं की तक्ता पाठीला, पाय वर-खाली, झाला पुस्तकांचा कप्पा. उंची मात्र कॅटलॉग बघून ठरवू नका, पोराला मांडी घालून बसवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. पहिलीवाल्यांचे पाय दोनेक इंच कमी करावे लागतील.

गटकार्य_ताई:
आम्ही तिरक्या बाजूंची टेबलं केली, लांब बाजू ४ फूट आणि बाकी तीन दोन-दोन फुटी. दोन जोडली की षटकोन, सहा जण गोल बसतात, गटात शिकवायला एक नंबर. पण शीटमागे चारच निघतात आणि लहान पोरांना एकट्याने उचलत नाहीत, रोज हलवायची असतील तर वरच्या दादांचंच करा. जोडीला भिंतीवर खाली, पोरांच्या उंचीला फळा रंगवून घ्या, त्याला तर फर्निचरही लागत नाही.

भंगारातून_सोनं:
प्लाय महाग पडत असेल तर एमआयडीसीत पॅकिंगची पाइनवुड बघा. पॅलेटवर (माल रचायची लाकडी चौकट) शिक्का असतो, एचटी असेल तर घ्या (नुसती उष्णता दिलेली), एमबी असेल तर पोरांसाठी नको, त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. मुंबईच्या आरंभ संस्थेने जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचं घडीचं डेस्क केलं होतं, दप्तरही तेच, आयडिया भारीच, पण तुमच्याकडच्या पावसात पुठ्ठा किती टिकणार?

रंधा_करवत:
पुठ्ठा सोडा हो, कोकणात एमडीएफसुद्धा (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) फुगतं. वॉटरप्रूफ प्लायच घ्या, कापलेल्या कडांना दोन हात ऑइलपेंट, पायांना रबरी बूट. वरून सनमायका लावलात तर खिचडीची हळद पुसली जाते, पण खर्च वाढतो, तुमचं बजेट बघा.

कोकणी_मास्तर:
झकास. गावातल्या सुताराला दाखवतो, तो म्हणेल खिळे मारून देतो.

रंधा_करवत:
मारू देऊ नका. स्क्रू आणि फेविकॉल दोन्ही. पोरं त्यावर उभी राहणारच, खिळा एका पावसाळ्यात ढिला होतो. आणि आधी एकच नमुना करून वर्गात ठेवा, बाकीचा माल नंतर कापा.