क्रेटर लेकला एका दिवसात जाऊन यावे का? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

बी-304 : नमस्कार. जुलैच्या मध्यास आम्ही मुलाकडे पोर्टलंडला जात आहोत आणि अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील क्रेटर लेक हे तळे पाहण्याची इच्छा आहे. सोबत 74 वर्षांच्या सासूबाई आहेत व त्यांचे गुडघे दुखतात. सकाळी निघून रात्री परत येता येईल का?

ए-602 : वहिनी, एका दिवसाचा बेत कृपया करू नका. पोर्टलंडहून एका बाजूचाच प्रवास साडेचार-पाच तासांचा आहे, आणि इतके करून हाती फक्त फोटो येतील. आम्ही गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो, तेव्हा दुपारी तळ्याच्या काठावरच्या रिम व्हिलेजला पोहोचलो तर समोर फक्त पांढरे धुके होते. तळे कोणत्या दिशेला आहे हेही कळत नव्हते. जवळच्या क्लॅमथ फॉल्स गावात मुक्काम होता म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वर गेलो. कठड्याशी उभे असताना आधी तळ्यातल्या विझार्ड आयलंड या बेटाचे टोक धुक्यातून वर आले, मग त्यावरची झाडे दिसू लागली, आणि थोड्या वेळाने खालचे पाणी असे काही निळे उघडले, की आमच्या यांनी हातातला चहा तसाच थंड होऊ दिला. म्हणून सांगते, दोन सकाळी तरी हाताशी ठेवा.

सी-101 : ताई, हे आपल्या लोणारसारखेच आहे का? शाळेच्या सहलीत मुले हा प्रश्न हमखास विचारतात, म्हणून नीट समजून घ्यायचे आहे.

ए-602 : सर, दोन्ही गोल असली तरी त्यांची जन्मकथा अगदी वेगळी आहे. लोणार उल्केच्या आघाताने झाले. तिथला खडक ज्वालामुखीचा, म्हणजे बेसॉल्ट, असल्यामुळे घोटाळा होतो. क्रेटर लेकच्या जागी मात्र माउंट मझामा नावाचा मोठा पर्वत होता. सुमारे 7,700 वर्षांपूर्वी त्याचा प्रचंड उद्रेक झाला, पोटातला लाव्हारस बाहेर पडल्याने आधार गेला आणि माथा आत कोसळला. त्या खड्ड्यात पाऊस आणि बर्फाचे पाणी शेकडो वर्षे साठत गेले. आज ते सुमारे 592 मीटर खोल, म्हणजे अमेरिकेतील सर्वांत खोल तळे आहे. त्यात एकही नदी येत नाही व त्यातून एकही नदी निघत नाही. गाळ आणणारेच कोणी नसल्याने पाणी इतके स्वच्छ राहते, आणि प्रकाशातला तांबडा भाग खोल पाण्यात शोषला जाऊन निळाच रंग डोळ्यांपर्यंत परत येतो. विझार्ड आयलंड नंतर तळ्यातच झालेल्या उद्रेकांतून उभे राहिले.

मला मात्र दोन्हीकडच्या कथांचे साम्य फार भावले. तेथील मूळ रहिवासी क्लॅमथ लोक सांगतात, की पाताळाचा स्वामी लाओ आणि वरच्या जगाचा स्वामी स्केल यांच्यात युद्ध झाले, लाओ हरला आणि पर्वत त्याच्यावर कोसळला. आपल्याकडे लवणासुराला विष्णूने मारले, त्याची आठवण लोणारचे दैत्यसूदन मंदिर सांगते. जमीन अशी खचलेली पाहून माणसाला युद्धच आठवावे, हे मला फार खरे वाटते.

बी-304 : ताई, मनापासून आभार. सासूबाईंना पाण्यापर्यंत नेता येईल का?

ए-602 : नाही, वहिनी. काठापर्यंत जाण्यासाठी क्लीटवुड कोव्हची एकच अधिकृत पायवाट आहे. ती सुमारे 1.8 किलोमीटर लांब असून 210 मीटरच्या आसपास खाली उतरते, आणि परतीची सगळी चढण गुडघ्यांवर येते. ही वाट दुरुस्तीसाठी हंगामभर बंद असू शकते, म्हणून उद्यानाच्या संकेतस्थळावर आधी पाहावे. आईंना त्याची गरजच नाही. काठावरून जाणारा सुमारे 53 किलोमीटरचा रिम ड्राइव्ह जुलैत बहुधा पूर्ण खुला होतो. आमच्या वेळी पूर्वेकडचा भाग बर्फाने बंद होता. जागोजागी गाडी थांबवून बसल्या जागी तळे दिसते. ऑगस्टनंतर वणव्यांचा धूर कधी कधी सगळे झाकून टाकतो, तेव्हा तुमचा जुलै उत्तम आहे.

बी-304 : दोन रात्री क्लॅमथ फॉल्सलाच राहण्याचे ठरवले. मुलाला आताच कळवते.

ए-602 : छान. आईंसाठी जाड स्वेटर आणि कानटोपी विसरू नका; काठाची उंची 2,100 मीटरच्या पुढे आहे आणि सकाळचे वारे बोचरे असते.