बीएएमएसची प्रॅक्टिकल्स: हाताने शिकलेलं इथे लिहा

आयुर्वेद महाविद्यालयात साडेचार वर्षं आणि पुढे वर्षभराची इंटर्नशिप. श्लोक पाठ होतात, जर्नलही पूर्ण होतं. पण तेल नेमकं कधी उतरवायचं, बस्तीचं (औषधी एनिमाचं) द्रव्य का फुटतं, हे ग्रंथात ओळभर असतं आणि हाताला कळायला दोन वर्षं जातात. दुसऱ्या वर्षात येणाऱ्या मुलांसाठी मापं, पायऱ्या आणि कुठे बिघडतं तेवढं लिहा.

भैषज्यकल्पना

औषधी तेलापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त तेच बिघडतं. शारंगधराच्या ग्रंथातलं प्रमाण कल्क (औषधी वनस्पतींचा वाटलेला लगदा) 1, स्नेह (तेल किंवा तूप) 4, द्रव (इथे काढा) 16. प्रॅक्टिकलला 50 ग्रॅम कल्क, 200 मिली तीळतेल, 800 मिली काढा घ्या.

आधी काढा. 400 ग्रॅम भरड, 16 पट म्हणजे 6.4 लिटर पाणी, आठवा भाग उरवला की 800 मिली. मध्यम कठीण द्रव्याला 8 पट पाणी घालून चौथा भाग उरवला तरी हिशोब 800 मिलीवरच येतो! फरक उकळण्याच्या वेळेचा आहे. कठीण साल-मुळांतला अंश उतरायला वेळ लागतो, म्हणून पाणी जास्त. वस्त्रगाळ चूर्णाचा काढा करू नका, तळाशी खळ होते आणि गाळताना फडकं तुंबतं. भरडच हवी. झाकणही ठेवायचं नाही.

मग कल्क, तेल आणि काढा एकत्र उकळायला भांडं किमान तीन लिटरचं घ्या, शेवटी फेस वर येतो. जोवर पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या आसपास राहतं आणि काम निवांत चालतं. पाणी संपत आलं की तेल झपाट्याने तापतं आणि तळाचा कल्क दहा मिनिटांत करपतो. त्या टप्प्यावर आच अगदी मंद करा, उलथनं तळाला टेकवून फिरवत राहा आणि जागेवरून हलू नका.

तेल सिद्ध (तयार) झालं का, याच्या परीक्षा तीन. कल्क अंगठा-तर्जनीत वळला की वात व्हावी. तो विस्तवावर टाकला तर चटचट आवाज येऊ नये, आवाज म्हणजे आत पाणी आहे. तिसरी फेसाची, आणि तोंडी परीक्षेत इथेच गोंधळ होतो: तेलात सिद्धी होताना फेस येतो, तुपात फेस शमतो. नस्यासाठी (नाकात घालायला) मृदू पाक म्हणजे कमी शिजवलेलं, अभ्यंगाला (अंगाला चोळायला) खर म्हणजे जास्त शिजवलेलं, बाकी सगळीकडे मध्यम. कोमट असतानाच गाळा.

रसशास्त्र

गंधक शोधन, म्हणजे गंधक शुद्ध करणं. दुधाच्या भांड्याच्या तोंडाला फडकं घट्ट बांधायचं, लोखंडी पळीत तूप पातळ करून त्यात गंधकाची पूड वितळवायची आणि फडक्यावरून दुधात ओतायची. गंधक साधारण 115 अंशांना वितळतो, तेव्हा पिवळा आणि पाण्यासारखा पातळ असतो. मुलं घाईने आच वाढवतात. 160 अंशांच्या पुढे तोच गंधक तांबूस होऊन काकवीसारखा घट्ट होतो आणि फडक्यातून उतरतच नाही. अजून तापला तर पेट घेतो. झाकण हाताशी ठेवा, पेटलाच तर लगेच झाकायचं. पाणी ओतायचं नाही.

कज्जलीला (पारा आणि गंधक खलात घोटून होणारी काळी पूड) शुद्ध पारद म्हणजे पारा आणि शुद्ध गंधक समभाग. खल मोठ्या ट्रेमध्ये ठेवा, सांडलेला पारा फरशीच्या भेगांतून गोळा होत नाही. खिडक्या उघड्या, हातमोजे घाला, अंगठी-बांगडी काढून ठेवा, कारण पारा सोन्याला लगेच धरतो. काळा रंग तासाभरात येतो, पण काळं झालं म्हणजे झालं नव्हे. बोटावर थोडी घेऊन पाण्याचा थेंब घाला, चोळून उन्हात धरा. एक जरी कण चकाकला तरी पुन्हा घोटायला बसा. हे काम शिक्षक समोर असतानाच करायचं. घरी, होस्टेलवर कधीही नाही.

द्रव्यगुण

वनस्पती ओळखण्यात तीन ठिकाणी हमखास चुकतं. सोसायटीच्या कुंपणाला असतो तो सरळसोट, लाटदार कडांच्या पानांचा 'अशोक' औषधाचा नव्हे. औषधाला सीताअशोक: संयुक्त पान, लोंबणारी तांबूस कोवळी पालवी, केशरी फुलांचे झुबके. ब्राह्मीचं पान लहान, मांसल, जवळपास बिनदेठाचं. लांब देठाचं वाटोळं पान ती मंडूकपर्णी, आपल्याकडे तिलाच सर्रास ब्राह्मी म्हणतात. आणि 'तांबडा नागकेशर' म्हणून मिळतात त्या कोकणातल्या सुरंगीच्या कळ्या, खरा नागकेशर म्हणजे फुलातले सोनेरी पुंकेसर. दुकानातून नमुना आणलात तर भिंगाखाली पाहूनच फाइलला लावा.

पंचकर्म

निरूहात (काढ्याच्या बस्तीत) क्रम चुकला की सगळं चुकलं. मध, सैंधव, स्नेह, कल्क, क्वाथ (काढा), शेवटी आवाप (वरून घालायचं द्रव). सुश्रुताचा पूर्ण बस्ती 12 प्रसृत (एक प्रसृत म्हणजे 96 मिली). त्याच्या निम्म्याने मध 96, स्नेह 144, कल्क 48, क्वाथ 192, आवाप 96 मिली आणि सैंधव 6 ग्रॅम. मध-सैंधव आधी खलात एकजीव करायचं, मग तेल बारीक धारेने. तेल एकदम ओतलं तर ते वर तरंगतं आणि नंतर कितीही घोटा, मिळत नाही. कल्क वस्त्रगाळ चूर्णाचाच, भरड राहिली तर नळी तुंबते. कोमट करायचं ते गरम पाण्यात भांडं ठेवून, मध आहे म्हणून थेट आचेवर नाही.

रुग्ण डाव्या कुशीवर, उजवा गुडघा दुमडलेला. आधी नळीतली हवा काढा, आणि शेवटी थोडं द्रव्य पिशवीत राहू द्या, नाहीतर हवा आत जाऊन पोट दुखतं. निरूह उपाशीपोटी, अनुवासन (तेलाची बस्ती) जेवणानंतर. निरूह बाहेर यायला 48 मिनिटांपर्यंत थांबायचं. नाही आला तर स्वतः काही न करता वरिष्ठांना बोलवा.

एक शंका

तेल सगळ्या परीक्षांना उतरलं, पण दोन दिवसांनी बाटलीच्या तळाशी ढगाळ थर दिसतो. असं का?

भैषज्यकल्पना

एकतर बाटली धुऊन पुरती वाळली नव्हती, नाहीतर गाळताना कल्काची बारीक पूड उतरली. वरचं निथळ तेल दुसऱ्या फडक्यातून गाळा. कापसाची वात त्यात बुडवून पेटवा: तडतडली तर पाणी आहे, पुन्हा मंद आचेवर ठेवा. शांत जळली तर थर पुडीचा आहे, बाटली बदलली की झालं.