काळ्या मातीवरचं पहिलं घर : पाया आणि नकाशा

एका नव्या आर्किटेक्टने विचारलंय : यवतमाळकडे पहिलंच घर आहे, गवंडी म्हणतो चार फूट पाया पुरे, ऐकायचं का? मुरूम चार फुटांवर लागत असेल तर जरूर ऐका. पण काळी माती खोल असेल तर अजिबात नाही.

मे महिन्यात त्या वावरातल्या भेगेत काठी घालून बघा, किती खाली जाते ते. तिथवर माती सुकून आक्रसते आणि पावसाळ्यात फुगते. जोत्याच्या कडेची माती आधी भिजते, मधली कोरडीच राहते. म्हणून खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते, आणि गिलावा कितीही केला तरी ती परत येते.

दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन मुरूम शोधा. तो फार खाली असेल तर अंडर-रीम्ड पाईल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेला, खाली फुगवटा असलेला काँक्रीटचा खांब घ्या : खोली साधारण साडेतीन मीटर, खालचा फुगवटा दांड्याच्या व्यासाच्या अडीचपट. स्टील स्ट्रक्चरल इंजिनिअरच ठरवेल. जोत्याच्या बीमखाली ७५-८० मिमी पोकळी ठेवायचीच. गवंडी ती हमखास मातीने भरतो, मग माती फुगली की बीमच वर उचलते. त्या दिवशी साइटवर स्वतः उभे राहा.

जोत्यात काळी माती भरू देऊ नका, मुरूमच हवा, थराथराने पाणी मारून धुम्मस केलेला. घराभोवती बाहेर उताराचा पट्टा, आणि न्हाणीचं पाणी पायापासून लांब.

आता नकाशा : दुपारनंतरचं ऊन पश्चिमेच्या भिंती तापवतं, म्हणून तिकडे जिना, संडास, कोठी टाका. निजायची खोली तिकडे नको.