भारत-भूतान मैत्री : धाकट्याच्या नकाराचे काय?

पूर्वाभिमुख (धागालेखक)

आसाममधील कोक्राझार ते भूतानमधील गेलेफू आणि पश्चिम बंगालमधील बनरहाट ते भूतानमधील समत्से या दोन रेल्वेमार्गांची घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. एकूण लांबी ८९ किलोमीटर आणि खर्च सुमारे ४,०३३ कोटी रुपये. भूतानच्या तेराव्या पंचवार्षिक योजनेसाठी भारताने देऊ केलेले दहा हजार कोटींचे साहाय्य वेगळेच. या मैत्रीचा विषय निघाला की आपण असे आकडे मांडून मोकळे होतो. माझ्या मते तिचा कस दुसरीकडे लागतो. जेमतेम आठ लाख वस्तीचा देश जेव्हा "हे आम्हाला मान्य नाही" असे म्हणतो, तेव्हा त्याचा अवाढव्य शेजारी कसा वागतो, हे पाहायला हवे.

१९४९ च्या दार्जिलिंग करारातील दुसऱ्या कलमानुसार परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालण्याचे भूतानने मान्य केले होते. फेब्रुवारी २००७ मध्ये करार नव्याने झाला, तेव्हा ते वाक्य गेले आणि त्या जागी राष्ट्रहिताच्या प्रश्नांवर परस्परांशी निकट सहकार्य करण्याची भाषा आली. कागदावर भूतानला नकाराचा अधिकार तेव्हा मिळाला आणि पुढे त्याने तो वापरलाही. भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान यांच्यातील मोटार वाहन करारावर जून २०१५ मध्ये थिंफूतच सह्या झाल्या, परंतु भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो फेटाळला. बाहेरच्या मालमोटारींची रांग आपल्या अरुंद दऱ्यांना पेलणार नाही, ही तिथली भीती होती. भारताने आकांडतांडव केले नाही. २०२० मध्ये भारतीय पर्यटकांना दररोज १,२०० रुपये शुल्क लागू झाले, तेव्हाही आपल्या सहल कंपन्यांच्या कुरकुरीपलीकडे फारसे काही घडले नाही.

एका प्रसंगी मात्र आपण नापास झालो, असे माझे मत आहे. भूतानच्या पंतप्रधानांनी २०१२ मध्ये रिओ येथे चीनच्या पंतप्रधानांची भेट घेतली. पुढच्या वर्षी १ जुलैपासून स्वयंपाकाच्या गॅसवरील आणि रॉकेलवरील भारतीय अनुदान थांबले, तर १३ जुलैला तिथे निवडणुकीची अंतिम फेरी होती. सत्ताधारी पक्ष हरला आणि ऑगस्टमध्ये अनुदान पूर्ववत झाले.

हिशेबनीस

असहमत. आपण सांगितलेला घटनाक्रम बरोबर आहे, पण त्यातून काढलेला अर्थ सोयीचा आहे. दहावी पंचवार्षिक योजना ३० जून २०१३ रोजी संपली आणि अनुदानाची व्यवस्था त्या योजनेशी जोडलेली होती. मुदत संपल्यावर देणे थांबले, तर तो हिशेबाचा भाग झाला. त्यात कारस्थान पाहायचे असेल तर आधी पुरावा द्यावा.

मूळ प्रश्न निराळाच आहे. ज्याच्या घरात आपला गॅस जळतो, ज्याचे न्गुलत्रुम हे चलन रुपयाशी एकास एक बांधलेले आहे आणि ज्याच्या योजनेत आपला मोठा वाटा आहे, त्याच्या नकाराचे एवढे कौतुक कशासाठी? तो नकार त्याला परवडतो, कारण त्याची किंमत आपण भरतो. करदात्याने हिशेब मागितला की त्याला "थोरल्याचा अहंकार" म्हणण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे.

उत्तरसीमा

दोघांच्याही मांडणीत नकाशा नाही, म्हणून हा प्रतिसाद. चीनने भूतानपुढे नव्वदच्या दशकात एक अदलाबदल ठेवली होती : उत्तरेकडील जाकरलुंग आणि पासमलुंग खोऱ्यांतील ४९५ चौरस किलोमीटरवरचा दावा आम्ही सोडतो, त्या बदल्यात डोकलामसह पश्चिमेचे २६९ चौरस किलोमीटर द्या. निव्वळ क्षेत्रफळ पाहिले तर हा सौदा भूतानच्या फायद्याचा होता. तो झाला नाही, कारण डोकलामच्या दक्षिणेकडील कड्यावरून ईशान्य भारताला उर्वरित देशाशी जोडणारा सिलिगुडीचा चिंचोळा पट्टा टप्प्यात येतो आणि अगदी अरुंद जागी तो जेमतेम वीस-बावीस किलोमीटरच रुंद आहे. तेव्हा भूतानने सर्वांत महागडा नकार चीनला दिलेला आहे, आणि तो बऱ्याच अंशी आपल्यासाठी दिलेला आहे. हिशेबनीस यांनी आपल्या खातेवहीत ही रक्कम कुठे लिहिली आहे, हे कळले तर बरे होईल.

डिसेंबर २००३ हेही विसरू नये. उल्फा, बोडो आणि कामतापुरी बंडखोरांचे सुमारे तीस तळ भूतानच्या दक्षिणेकडील जंगलात होते. अनेक वर्षे बोलणी करून उपयोग झाला नाही, तेव्हा भूतानच्या काही हजारांच्या सैन्याने स्वतः मोहीम काढून ते तळ उद्ध्वस्त केले. २०१७ मध्ये डोकलामला आपले सैन्य चिनी सैन्यासमोर ७० हून अधिक दिवस उभे राहिले, त्यामागे केवळ भूतानवरचे प्रेम होते असे मी म्हणणार नाही. स्वार्थ दोन्हीकडे आहे आणि म्हणूनच हे नाते टिकते. धागालेखकांची "कसोटी" मला त्यामुळेच थोडी भाबडी वाटते.

जलविद्युतकर्मी

मी वीजक्षेत्रात काम केले आहे, त्यामुळे माझा प्रतिसाद पाण्याभोवतीच फिरेल. भारत-भूतान सहकार्याची खरी कहाणी नद्यांवर लिहिलेली आहे आणि तिचे दोन अध्याय एकमेकांसारखे नाहीत.

पहिला अध्याय चुखाचा. ३३६ मेगावॉटचा हा प्रकल्प १९८६ ते १९८८ या काळात सुरू झाला. त्यासाठीच्या भारतीय पैशात साठ टक्के अनुदान होते आणि चाळीस टक्के पाच टक्के व्याजाचे कर्ज. भूतानची गरज भागून उरलेली वीज भारत घेणार, हेही ठरलेले होते. रस्त्यापासून शाळेपर्यंत अनेक गोष्टींचा खर्च भूतानने विजेच्या उत्पन्नातून भागवला. १,०२० मेगावॉटचा ताला प्रकल्प २००७ पर्यंत पूर्ण झाला, तोही साठ-चाळीसच्याच सूत्रावर. या पर्वात हिशेबनीस यांच्या करदात्याला वीज मिळाली, भूतानला महसूल मिळाला आणि तक्रारीला फारशी जागा उरली नाही.

दुसरा अध्याय पुनात्सांगछूचा. पहिल्या टप्प्याचे काम २००८ मध्ये सुरू झाले. क्षमता १,२०० मेगावॉट, परंतु आता अनुदान चाळीस टक्के, कर्ज साठ टक्के आणि व्याज दहा टक्के. त्यानंतरच्या मांगदेछू आणि पुनात्सांगछूच्या दुसऱ्या टप्प्यात अनुदान तीस टक्क्यांवर आले. २०१३ मध्ये पहिल्या टप्प्याच्या धरणाच्या जागी उजव्या तीरावरचा डोंगर खचू लागला, आणि साडेतीन हजार कोटींच्या आसपास असलेला अंदाज पुढे नऊ हजार कोटींच्या वर गेला. डोंगर कुणाच्या चुकीने खचला यावर तज्ज्ञांत वाद होऊ शकतो. पण कर्जावरचे व्याज कुणासाठी थांबत नाही, आणि ते भूतानच्या नावे आहे. जागेची निवड, आराखडा आणि मोठी कंत्राटे यांवर भारतीय संस्थांचा ठसा होता, हे बांधकामक्षेत्रातील कोणीही सांगेल. अशा वेळी दर युनिटमागे किती पैसे द्यायचे यावर घासाघीस होते, तेव्हा ती दोन व्यापाऱ्यांची घासाघीस राहत नाही. मांगदेछूच्या विजेचा दर अखेर ४ रुपये १२ पैसे ठरला. भूतान त्याच्या बाजूने अडून बसला, ते योग्यच होते.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. हे बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतात. हिवाळ्यात नद्या आटतात आणि पावसाळ्यात वीज विकणारा भूतान थंडीत आपल्याकडूनच ती विकत घेतो.

हिशेबनीस

माहितीबद्दल आभार, विशेषतः व्याजाच्या दराबद्दल, तो मला ठाऊक नव्हता. तथापि, कर्ज घेताना सही दोघांनी केलेली असते. दहा टक्के जास्त वाटत होते, तर धागालेखकांना प्रिय असलेला नकार तिथे का वापरला नाही?

जलविद्युतकर्मी

कारण दुसरा सावकार शोधायचा, तर तो डोंगराच्या पलीकडे बसलेला आहे. ते आपल्यालाही चालले नसते.

चहामळा

मी नोकरीनिमित्त काही वर्षे जयगावला होतो. तिथे एका कमानीच्या अलीकडे भारत आणि पलीकडे फुंत्शोलिंग. मार्च २०२० मध्ये ते दार बंद झाले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये उघडले. महासाथीच्या दृष्टीने भूतानचा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही, परंतु जयगावची बाजारपेठ भूतानी गिऱ्हाइकावर जगते. दिल्ली आणि थिंफू यांच्यात लसींच्या खेपांवरून परस्परांची स्तुती चालू असताना इथले दुकानदार गाळ्यांचे भाडे कसे भरायचे या विवंचनेत होते. मैत्रीचा ताळेबंद दोन राजधान्यांपुरता मांडला की सीमेवरचा माणूस त्यातून गळतो.

असाच गळलेला दुसरा गट म्हणजे भूतानच्या दक्षिणेकडील नेपाळीभाषक. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यापैकी सुमारे एक लाख लोक देश सोडून नेपाळमधील छावण्यांत गेले. नेपाळ आणि भूतान यांची सीमा कुठेही लागत नाही. ते आपल्याच भूमीवरून गेले, आणि हा त्या दोन देशांमधला प्रश्न आहे, असे म्हणून भारत बाजूला राहिला. मोठ्या शेजाऱ्याने हस्तक्षेप न करणे हा धागालेखकांच्या कसोटीनुसार सद्गुण ठरेल. त्यांना तो इथेही सद्गुणच वाटतो का, हे मला विचारायचे आहे.

पूर्वाभिमुख

चहामळा यांच्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. मी धाकट्या राष्ट्राच्या नकाराचा विचार केला होता. त्या राष्ट्राने आपल्याच माणसांना दिलेला नकार माझ्या मांडणीत आलाच नव्हता, आणि तो यायला हवा होता.

उत्तरसीमा यांचा नकाशा मान्य आहे, पण माझा मुद्दा त्याने बळकटच होतो. चीन आणि भूतान यांच्यात १९८४ पासून सीमेवर बोलणी चालू आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये तीन टप्प्यांच्या आराखड्यावर सह्या झाल्या आणि पंचविसावी फेरी ऑक्टोबर २०२३ मध्ये बीजिंगला झाली. उत्तर सीमेचा निकाल भूतानने आपल्या सोयीने लावून घेतला आणि आपल्याला तो रुचला नाही, तर आपण काय करणार? स्वार्थ दोन्हीकडे आहेच, पण तो जुळेनासा होईल तेव्हा २०१३ चा मार्ग धरायचा की २०१५ च्या वाहन कराराच्या वेळचा, एवढेच मी विचारतो आहे. हिशेबनीस यांच्या म्हणण्याप्रमाणे अनुदानाची मुदत जूनअखेर संपली होती, हे मी नाकारत नाही. मात्र ती महिनाभर वाढवण्यासाठी एक पत्र पुरले असते.

हिशेबनीस

त्या पत्रापुरते सहमत. बाकीच्या मुद्द्यांवर नाही. ४,०३३ कोटींच्या रेल्वेचा परतावा कुणी मांडून दाखवील का?

उत्तरसीमा

ही रक्कम भूतानला दिलेली देणगी म्हणून आपल्या वहीत लिहू नये. दोन्ही मार्गांची बहुतांश लांबी आसाम आणि पश्चिम बंगालमध्येच आहे, त्यामुळे रूळ, स्थानके आणि पूल यांवरचा खर्च मुख्यतः आपल्याच हद्दीत होईल. गेलेफूला भूतान नवे शहर उभारत आहे. ते भरभराटीला आले, तर पहिला लाभ कोक्राझारला होईल.