नडगीचं दुखणं : तुमचे अनुभव लिहा

अंधारात पलंगाच्या कडेवर नडगी आपटली आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. महिना झाला, टेंगूळ अजून हाताला लागतं. मागे पोटरीला मांसाची गादी असते, पण पुढे गुडघ्यापासून घोट्यापर्यंत टिबिया या हाडाची धार थेट कातडीखाली. बोट फिरवून पाहा, सलग लागते. हाडावरच्या पातळ आवरणात भरपूर नसा असतात, म्हणून एवढी कळ. तुमच्या नडगीने काय काय सोसलंय?

—

मी धावते. शर्यतीच्या नादात महिन्याभरात अंतर दुप्पट केलं आणि नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या अर्ध्या भागात दुखायला लागलं. आधी सुरुवातीला दुखायचं, अंग गरम झालं की थांबायचं. शिन स्प्लिंट (जास्त धावण्याच्या ताणाने नडगीच्या कडेला होणारं दुखणं) असेल म्हणून बर्फ लावून पळत राहिले. मग रात्री झोपेतही ठणका लागला. एक्स-रेत काहीच नाही! एमआरआयमध्ये हाडाला बारीक तडा दिसला. सुरुवातीचा तडा एक्स-रेत बरेचदा दिसत नाही, हे तेव्हा कळलं. फिजिओने विचारलं होतं, ‘कुठे दुखतं ते दाखवा.’ मी एकच बोट एकाच जागी ठेवलं. तळहात फिरवून दाखवावं लागलं तर बहुधा शिन स्प्लिंट, बोटाने नेमकी जागा दाखवता आली तर तड्याचा संशय. दोन महिने धावणं बंद होतं. पळणाऱ्यांनो, बोटाची ही खूण लक्षात ठेवाच.

—

मुलगा 13 वर्षांचा, सारखा उड्या मारणारा. गुडघ्याच्या जरा खाली, नडगी सुरू होते तिथे, टणक उंचवटा आला. माझ्या मनात नको ते आलं. निघालं ऑसगुड-श्लॅटर. वाढीच्या वयात मांडीचा स्नायू तिथल्या कोवळ्या हाडाला सारखा ओढतो. खेळ कमी केल्यावर उतार पडला. उंचवटा राहील, दुखणं जाईल, असं डॉक्टर म्हणाले.

—

हे जरूर वाचा. भावाची नडगी मोडली, प्लास्टर घातलं. रात्री कळ वाढतच गेली, गोळ्यांनी थांबेना. पायाची बोटं मी हलकेच वर केली तर तो किंचाळला, बोटांना मुंग्याही होत्या. ‘हाड मोडलंय, दुखणारच’ असं सांगून आम्हाला गप्प केलं जात होतं. मी दारातून हलले नाही. शेवटी सर्जन आले, प्लास्टर कापलं आणि तासाभरात त्याला ऑपरेशनला नेलं. पोटरीतल्या स्नायूंभोवतीचं आवरण ताणत नाही. आत सूज वाढली की रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. आवरण चिरून दाब मोकळा केला, म्हणून त्याचा पाय वाचला.

—

आई 82 वर्षांची. व्हीलचेअरच्या पायटेकणीला नुसती घासली तर नडगीची कातडी ओल्या कागदासारखी सोलवटली. पायाला सूजही होती. अंगठ्याने नडगीवर दाबलं की खळगा तसाच राहायचा. जखम भरायला चार महिने लागले. कातडी फेकू नका, ओल्या बोळ्याने हळूच जागेवर बसवा, हे नर्सने शिकवलं. आता पायटेकणीच्या कडेला जाड फडकं गुंडाळलेलं असतं, रोज सकाळी तपासते.