वेरोनाचा १९८४-८५चा हंगाम: पूर्ण सामने कुठे मिळतील? मदत हवी आहे

मंडळी, हेलास वेरोना या इटालियन फुटबॉल क्लबने १९८४-८५मध्ये जिंकलेल्या सेरी आ (इटलीची अव्वल साखळी स्पर्धा) विजेतेपदावर मराठीत सविस्तर लिहायला घेतलंय. आकडे हाताशी आहेत: ३० सामने, १५ विजय, १३ बरोबरी, फक्त २ पराभव. तेव्हा विजयाला दोनच गुण मिळायचे, त्यामुळे बरोबरीलाही चांगली किंमत होती. पहिल्याच सामन्यात मॅराडोनाचा नापोली ३-१ने हरला. मॅराडोनाला रोखायचं काम वेरोनाच्या ब्रीगलकडे होतं आणि त्याने वर गोलही केला! युवेंतुसविरुद्ध वेरोनाच्या एल्कियरने बूट निसटलेल्या पायाने केलेला गोल तर अनेकांनी पाहिला असेल.

अडलंय ते बचावापाशी. अख्ख्या हंगामात फक्त १९ गोल खाल्ले, तरी उदिनेसेविरुद्धचा सामना वेरोनाने ५-३ असा जिंकला, म्हणजे एकाच सामन्यात तीन गोल खाल्ले. प्रशिक्षक बान्योली यांची मांडणी निव्वळ माणसाला माणूस (प्रत्येक बचावपटूने एकेका प्रतिस्पर्ध्याला चिकटून राहायचं) अशी होती, की बचावपटू त्रिचेल्ला मागे मोकळा राहून पुढे चालही रचायचा? गोलांच्या तुकड्यांवरून हे कळत नाही. पूर्ण नव्वद मिनिटांचं चित्रण कुठे बघायला मिळेल?

दुसरं म्हणजे, त्या वर्षी पंच सोडतीने नेमले जात, त्यामुळे मोठ्या क्लबांना सोयीचे पंच मिळाले नाहीत आणि म्हणून वेरोना जिंकला, असं काही जण म्हणतात. यशाचं श्रेय सरसकट त्या सोडतीला देणं मला या संघावर अन्याय वाटतो. यावर कुणी सामनावार अभ्यास वाचला असेल तर जरूर सांगा, इटालियनमध्ये असला तरी चालेल. इटलीत राहणाऱ्या किंवा इटालियन येणाऱ्या कुणी जुनी क्रीडा-वृत्तपत्रं शोधायची वाट दाखवली तर फार उपकार होतील.