मदत हवी आहे : एन-एट-एनमधील वर्कफ्लोची जुनी आवृत्ती परत कशी मिळवावी?

बागायतदार_देवगड : आमच्या हापूसच्या ऑर्डरी एन-एट-एनवर (n8n, कामे आपोआप करून घेणारे साधन) चालतात. ग्राहकाने फॉर्म भरला की शीटमध्ये नोंद होते, पेटीनुसार दर लागतो, संदेश जातो आणि मुंबईच्या टेम्पोची यादी निघते. या सगळ्या पायऱ्यांच्या साखळीत, म्हणजे वर्कफ्लोमध्ये, मी येथून आणि माझा पुतण्या पुण्याहून बदल करतो. कालपासून दोन डझनांच्या खोक्यालाही पाच डझनांच्या पेटीचा दर लागत आहे. दराचा कोड नोड (वर्कफ्लोमधील कोड लिहिलेली पायरी) कोणी, केव्हा बदलला हे समजत नाही. आधीचा वर्कफ्लो परत हवा आहे, आणि पुढे असे होऊ नये याची सोयही. कृपया लवकर सांगावे, हंगाम थांबत नाही.

खाडीकाठ : आपले एन-एट-एन त्यांच्या क्लाउडवर आहे की स्वतःच्या सर्व्हरवर? क्लाउडवर असल्यास वर्कफ्लोचा इतिहास पाहावा. मात्र प्लॅननुसार तो ठरावीक काळच राहतो.

दापोलीचा_वारा : एवढ्या कामाला एन-एट-एन हवेच कशाला? गूगल ॲप्स स्क्रिप्टमध्ये लिहावे आणि क्लास्प या साधनाने कोड संगणकावर उतरवून गिटमध्ये (फाइलींमधील बदलांचा इतिहास राखणारी प्रणाली) ठेवावा. आमच्या होमस्टेचे बुकिंग असेच चालते.

खाडीकाठ : दापोलीकर, ज्यांच्या ऑर्डरी आज अडल्या आहेत त्यांना घर बदलण्याचा सल्ला काय कामाचा?

बागायतदार_देवगड : भाड्याच्या सर्व्हरवर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवण्याची सोय) आहे. त्याने काही फरक पडतो का?

खाडीकाठ : पुष्कळ पडतो. एक्झिक्यूशन्समध्ये (वर्कफ्लो प्रत्येक वेळी चालल्याच्या नोंदी) जाऊन दर बरोबर लागत होता तेव्हाची एखादी ऑर्डर उघडावी. प्रत्येक नोंदीबरोबर त्या वेळचा वर्कफ्लोही जतन होतो, त्यामुळे कोड नोडमधील जुना मजकूर तेथून उचलता येईल. मूळ सेटिंगप्रमाणे या नोंदी ३३६ तास, म्हणजे १४ दिवस राहतात. यशस्वी रन न साठवण्याचे सेटिंग कोणी केले असेल, तर मात्र हा मार्ग बंद.

मालवण_मुक्काम : मुळात दर कोडमध्ये ठेवूच नयेत. ते शीटच्या वेगळ्या पानावर ठेवल्यास कोणत्या खान्यात कोणी काय बदलले हे गूगल शीट स्वतःच दाखवते.

बागायतदार_देवगड : विचारले ते हे नव्हते, तरी सूचना घेतो. ८ मेच्या ऑर्डरीत जुना कोड सापडला आणि दर पूर्ववत झाला. आता गिटचे सांगावे.

खाडीकाठ : रोज रात्री सर्व्हरवरून एन-एट-एनच्या एक्स्पोर्ट आदेशाने प्रत्येक वर्कफ्लोची स्वतंत्र जेसन (मजकूर स्वरूपातील) फाइल काढून गिटमध्ये कमिट करावी, म्हणजे तेथे नोंदवावी. दिवसा बदल केल्यास पुतण्याने आणि आपण कारणासह वेगळा कमिट करावा. रात्रीच्या कमिटवरून बदल कोणाचा हे कळणार नाही. नोड नुसता सरकवला तरी फाइलमधील त्याची जागा बदलते, म्हणून फरक पाहताना तेवढ्या ओळी सोडून द्याव्यात.

दापोलीचा_वारा : आणि गिटची रिपॉझिटरी (जेथे या फाइली साठतात ती जागा) खासगीच ठेवावी. चाचणीसाठी नोडवर पिन केलेला डेटा त्याच फाइलमध्ये जातो, म्हणजे ग्राहकांचे फोन नंबरही.

खाडीकाठ : हे मात्र अगदी योग्य सांगितलेत. क्रेडेन्शियल्सचा (साठवलेल्या पासवर्डांचा) एक्स्पोर्ट निराळा असतो आणि तो एन्क्रिप्टेडच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, ठेवावा. ती किल्ली सर्व्हरबाहेरही जपून ठेवावी. ती हरवली तर नव्या सर्व्हरवर सर्व पासवर्ड पुन्हा भरावे लागतील. जुनी फाइल आयात केल्यावर वर्कफ्लो बंद स्थितीत येतो, त्यामुळे तो हाताने सुरू केल्याशिवाय फॉर्मची एकही ऑर्डर पुढे सरकणार नाही.